कोड पाठवताना त्याचं भजं होऊ नये म्हणून

मे महिन्यातली गोष्ट आहे, नागपुरात रात्री दहा वाजतासुद्धा कूलरसमोरून उठवत नाही तेव्हाची. मानेवाड्याला राहणाऱ्या भाच्याचा मेसेज आला, "मामा, प्रोग्राम काहून चुकून राहिला पाहा ना." खाली कोड. पोरगा सेकंड इयरला आहे, पायथन शिकून राहिला, आणि कूलर भाड्याने देणाऱ्या दुकानाचं बिल काढायचा प्रोग्राम त्याने लिहिला होता. त्यांच्या क्लासच्या ग्रुपवर टाकलेली मुख्य ओळ मला अशी दिसली:

    एकूण = दरनगदिवस

मी म्हटलं अबे, हे दरनगदिवस कुठून आणलं, वर तर कुठेच नाही. तो म्हणे, असं लिहिलंच नाही मी. मी म्हणे मग हे काय दिसून राहिलं मला. पाऊण तास दोघं दोन वेगवेगळ्या कोडवर भांडत होतो. शेवटी त्याने लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून पाठवला, वाकडा, वर ट्यूबलाईटचा पट्टा, आणि त्यात दिसलं:

    एकूण = दर*नग*दिवस

दोन स्टार गायब. त्या ग्रुपच्या ॲपवर शब्दाला दोन्हीकडे स्टार लावला की तो तिरका होतो, तेव्हा ॲपला वाटलं पोराला मधला शब्द तिरका करायचा आहे, म्हणून त्याने "नग" तिरका केला आणि स्टार गिळले. देवनागरी अक्षर मोबाईलवर थोडंसं तिरकं झालेलं कोणाला कळते, सांगा.

तेव्हापासून कोड मागायच्या आधी मी पोरांना कोड पाठवायचा कसा तेच सांगतो. तेच इथे लिहून टाकतोय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक फेकता येईल. एक आधीच सांगतो, उदाहरणांत व्हेरिएबलची नावं देवनागरीत घेतली आहेत. पायथन ३ ला ती चालतात, हवं तर करून पाहा. पण प्रिंट, इनपुट, इफ वगैरे भाषेचे स्वतःचे शब्द मी इथे देवनागरीत लिहिले तरी तुम्ही इंग्रजीतच टाकायचे, आणि कोडमधले आकडेही इंग्रजीच. गंमत म्हणजे पायथनच्या इंट फंक्शनला अवतरणात "१२" दिलं तर तो मुकाट बारा करून देतो, पण कोडमध्ये थेट १२ लिहिलं की सिंटॅक्स एरर.

पहिलं काम, तीन बॅकटिक

सत्तर टक्के तरी भानगडी इथेच मिटतात असा माझा अंदाज आहे, मोजलं नाही कोणी. कोडच्या आधी एका ओळीत तीन बॅकटिक, मग कोड, मग परत एका ओळीत तीन बॅकटिक:

    ```
    एकूण = दर*नग*दिवस
    ```

याचा अर्थ ॲपला एवढाच की या दोन कुंपणांच्या आत हात लावायचा नाही, जसं आहे तसं दाखव, आणि सगळी अक्षरं सारख्या रुंदीची ठेव. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड, स्लॅक, गिटहब सगळीकडे हे चालतं.

बॅकटिक म्हणजे कीबोर्डवर एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे असते ती उलटी तिरकी रेघ. अवतरणचिन्ह नाही! दर बॅचमध्ये दोघं-तिघं तीन सिंगल कोट टाकतात आणि म्हणतात सर चालून नाही राहिलं. मोबाईलवर शोधायला जरा त्रास आहे, आयफोनवर सिंगल कोटचं बटण दाबून धरलं की निघते, आणि जीबोर्डमध्ये चिन्हांच्या दुसऱ्या पानावर आहे.

आता यातली खोच. गिटहब, डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी पहिल्या तीन बॅकटिकला चिकटून भाषेचं नाव लिहिता येतं, छोट्या इंग्रजी अक्षरात, म्हणजे रंग येतात. पण मार्कडाउनचा, म्हणजे स्टार, हॅश असल्या साध्या चिन्हांनी मजकूर सजवायच्या पद्धतीचा, नियम असा की त्या ओळीवर जे काही असेल ते भाषेचं नाव. म्हणून कोणी घाईत बॅकटिकच्या पुढेच कोडची पहिली ओळ सुरू केली की ती ओळ छापलीच जात नाही. मग समोरचा विचारतो इम्पोर्ट कुठे आहे, आणि तुम्ही म्हणता पहिल्याच ओळीत तर आहे. म्हणून कुंपण आपल्या ओळीत एकटं ठेवायचं, आणि बंद करायचं विसरायचं नाही, नाहीतर खाली लिहिलेलं "प्लीज हेल्प" पण कोडमध्ये जातं.

वाक्याच्या मधेच एखादं नाव लिहायचं असेल तर दोन्ही बाजूला एकेक बॅकटिक पुरते. व्हॉट्सॲपवर ही सोय २०२४ मध्ये आली, आणि तिच्यासोबत नवा घोळही आला, कारण मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबलची नावं बॅकटिकमध्येही लिहितात. `ग्राहक` असं टेबलचं नाव साधं मेसेजमध्ये टाकलं की बॅकटिक दिसेनाशा होतात, वाचणारा बघून टाईप करतो आणि बिनबॅकटिकची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायची ओळ, चालवतो. त्यालाही उपाय तीन बॅकटिकचं कुंपणच. आणि कोडच्या पोटातच तीन बॅकटिक असतील, प्रोजेक्टची माहिती देणारी रीडमी फाईल पाठवताना असतात, तर मार्कडाउनमध्ये बाहेर चार लावा.

कुंपण नाही लावलं तर काय काय होतं ते एकदा ओळखीचं करून घ्या, म्हणजे दुसऱ्याने पाठवलेला कोड बिघडलेला आहे हे लगेच कळेल. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं पायथनचं इनिट मार्कडाउनमध्ये जाड अक्षरातलं नुसतं इनिट होतं. हॅश आणि स्पेसने सुरू होणारी कमेंट लग्नपत्रिकेच्या मथळ्याएवढी मोठी होते, एकदा एका पोराची "इथे काहीतरी गडबड आहे" ही कमेंट अख्ख्या स्क्रीनभर आली होती, ते मात्र बरोबरच होतं म्हणा. ओळीच्या सुरुवातीला वजा आणि स्पेस असेल तर यादीचा ठिपका होतो. कंसातला ८ आणि बंद होणारा कंस मिळून जुन्या मेसेंजरमध्ये गॉगल घातलेला चेहरा यायचा.

जुनी पद्धत चार स्पेसची आहे. मार्कडाउन २००४ चं, त्यात मुळात कोड दाखवायचा तर प्रत्येक ओळ चार स्पेस आत सरकवायची, आणि वर एक रिकामी ओळ सोडायची, ती नाही सोडली तर वरच्या परिच्छेदालाच चिकटते. रेडिटच्या जुन्या रूपात आजही हेच चालतं, बॅकटिकचं कुंपण तिथे मोडतं. हाताने चार-चार स्पेस मारत बसू नका, एडिटरमध्ये सगळं सिलेक्ट करून एकदा टॅब दाबा, कॉपी करा, मग अनडू.

व्हॉट्सॲप वेबवर एंटर दाबला की मेसेज जातो, नवीन ओळीला शिफ्ट-एंटर. हे माहीत नसल्यामुळे मला एकदा चोवीस ओळींचा प्रोग्राम चोवीस मेसेजमध्ये आलेला आहे, आणि मधे तिसऱ्याच कोणीतरी "गुड नाईट" टाकलं होतं. असे अनेक मेसेज वेबवर एकदम कॉपी केले तर प्रत्येकाच्या आधी चौकटी कंसात वेळ, तारीख आणि नाव येतं, ते खोडत बसा.

कोट आणि डॅश

कोड कुठून कॉपी केला हेही पाहावं लागतं. वर्ड, गूगल डॉक्स, आयफोनचा कीबोर्ड, हे सगळे सरळ अवतरणचिन्हाचं वाकडं करतात, म्हणजे " चं “ आणि ”. छापील मजकुराला छान दिसतं, कम्पायलरला ते वेगळंच अक्षर आहे. पायथन निदान सभ्यपणे सांगतो की हे अक्षर चालत नाही, आणि त्याचा युनिकोड नंबरही देतो, यू प्लस २०१सी. सीचा कम्पायलर जीसीसी, त्याची भाषा मात्र पोलिसी आहे, स्ट्रे \३४२ इन प्रोग्राम, मग \२००, मग \२३४. पोरं घाबरतात. अर्थ एवढाच, वाकड्या कोटचे तीन बाईट आहेत ते, एकेक करून शिव्या देऊन राहिला.

तसंच दोन वजांचं. कमांडमध्ये `--` असतं, वर्डमधून आलं की त्याची एक लांब रेघ झालेली असते, आणि टर्मिनल म्हणतं असा ऑप्शनच नाही. डोळ्याला फरक पटकन दिसत नाही, त्यामुळे कमांड कॉपी करून चालत नसेल तर सगळ्यात आधी डॅश आणि कोट हाताने परत टाईप करा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं.

बंद कुठे करायचं: आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, तिथे स्मार्ट पंक्च्युएशन. गूगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, स्मार्ट कोट्स. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, आणि तिथे "ऑटोफॉरमॅट ॲज यू टाईप" टॅब. आधीच वाकडे झालेले मात्र याने सरळ होत नाहीत, ते फाईंड-रिप्लेसने बदलावे लागतात.

फोनवर कोड टाईप करूच नका हे माझं मत, पण बसमध्ये बसून करता हे मला माहीत आहे. मग एवढं बघा, ओळीचं पहिलं अक्षर कीबोर्ड आपोआप कॅपिटल करतो, आणि पायथनला कॅपिटल पीवाला प्रिंट ओळखता येत नाही. आणि शब्दानंतर दोनदा स्पेस दाबली की फोन पूर्णविराम टाकतो. पायथनची जी लिहिण्याची शिस्त आहे, पेप ८, तिच्यात ओळीच्या शेवटी कमेंट लिहायची तर आधी किमान दोन स्पेस सोडा असं आहे. म्हणजे शिस्तीत वागणाऱ्यालाच फोन फटका मारतो.

स्पेस, टॅब, आणि जे दिसतच नाही ते

सीमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस गेल्या तरी कोड चालतो, नुसता घाण दिसतो. पायथनमध्ये स्पेस गेल्या म्हणजे अर्थ गेला. कुठली ओळ लूपच्या आत आहे आणि कुठली बाहेर ते समोरच्याने अंदाजाने ठरवायचं का? एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपेजच्या भाषेत, लागोपाठच्या कितीही स्पेस आल्या तरी ब्राउझर एकच दाखवतो, कुंपण नसेल तर (कुंपण लावलं की पडद्यामागे प्री नावाचा टॅग लागतो, तो स्पेस जपतो). म्हणून वेबवर बिनकुंपणाचा पायथन सगळा डावीकडे येऊन भिंतीला टेकून उभा राहतो.

टॅब आणि स्पेसची खिचडी हा दुसरा प्रकार. दोन मित्रांचा कोड जोडला, एकाचा टॅबचा, एकाचा चार स्पेसचा, स्क्रीनवर एका रेषेत, चालवला की टॅबएरर. पेप ८ म्हणतं चार स्पेस, तुम्ही पण चार स्पेसच ठेवा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली उजवीकडे स्पेसेस की टॅब साईज लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केलं की सगळं एकदम बदलून मिळतं. प्रोग्राम तयार करायच्या कमांड लिहितात ती मेकफाईल मात्र उलट्या खोपडीची, तिला कमांडच्या आधी टॅबच लागतो, स्पेस दिल्या की म्हणते मिसिंग सेपरेटर. म्हणून मेकफाईल मेसेजमध्ये चिटकवू नका, फाईलच पाठवा.

आता न दिसणारी मंडळी. वेबपेजवरून उचललेल्या कोडमध्ये कधीकधी साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस असते, यू प्लस ००ए०. दिसायला सेम टू सेम. पायथन सांगतो इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर, आणि पोरगं म्हणतं सर त्या जागी काहीच नाही! झिरो-विड्थ स्पेस तर त्याहून वर, तिला रुंदीच नाही. शोधायचं असं: व्हीएस कोडमध्ये रेंडर व्हाइटस्पेस चालू करा, आणि २०२१ च्या शेवटापासून तो अशी संशयी अक्षरं चौकट करून स्वतःच दाखवतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यू, शो सिम्बॉल, शो ऑल कॅरेक्टर्स. पायथनमध्येच स्ट्रिंग तपासायची तर आस्की नावाचं फंक्शन आहे, ते प्रत्येक परक्या अक्षराचा नंबर उघडा करून छापतं.

हे शेवटचं मराठी लोकांच्या फार कामाचं आहे. "दुसऱ्या" हा शब्द दोन प्रकारे टाईप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही शब्द जुळे भाऊ, पण पायथनमध्ये बरोबर आहेत का विचारलं तर फॉल्स. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची सोय, चालवलं तरी फॉल्सच, कारण युनिकोडच्या हिशोबात त्या दोन वेगळ्या चिजा आहेत. एका ओळखीच्याच्या प्रोग्राममध्ये पत्त्यावरून शोध होता आणि "दुसऱ्या मजल्यावर" असलेली अर्धी गिऱ्हाइकं सापडत नव्हती, तो दोन दिवस एसक्यूएलला शिव्या देत होता. त्याने मला क्वेरी पाठवली ती फोनवर परत टाईप करून, म्हणजे त्याच्या कीबोर्डने जे घातलं असेल ते घालून, आणि ती माझ्याकडे झकास चालली! कॉपी करून पाठवली असती तर पाच मिनिटांत दिसलं असतं. त्यामुळे मराठी मजकुराचा घोळ असेल तर तो शब्द कधीही परत टाईप करू नका, आहे तसा फाईलसकट पाठवा, आणि सोबत आस्कीचं आउटपुट द्या.

विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालवताना बॅड इंटरप्रिटर आणि ^ पुढे एम दिसला तर ओळ संपवायची खूण विंडोजची आहे. व्हीएस कोडमध्ये खाली सीआरएलएफ लिहिलेलं असेल, तिथे एलएफ करा, सेव्ह करा, विषय संपला.

टोकदार कंस

हे सीवाल्यांचं दुखणं. इन्क्लूडच्या पुढे < आणि > मध्ये हेडर फाईलचं नाव असतं, आणि मजकूर कुठे एचटीएमएल म्हणून वाचला गेला की ब्राउझरला वाटतं हा टॅग आहे, ओळखीचा नाही, मग दाखवायचा कशाला. मागे नुसतं #इन्क्लूड उरतं. सी प्लस प्लसचा व्हेक्टर, जावाची लिस्ट, सगळ्यांच्या टोकदार कंसातला टाईप असाच उडतो. कुंपण असेल तर बहुतेक ठिकाणी वाचतो, नाहीतर < च्या जागी अँपरसँड, एलटी आणि सेमीकोलन लिहावं लागतं, आणि > साठी जीटी. ईमेलमध्ये प्लेन टेक्स्ट मोड लावा, पण तिथे लांब ओळी साधारण ७८ अक्षरांवर मोडतात, त्यामुळे लांब ओळ असेल तर अटॅचमेंटच बरी. जावास्क्रिप्टची फाईल मात्र जीमेल अडवतं, झिप करूनही, तेव्हा शेवटी टीएक्सटी नाव द्या किंवा लिंक पाठवा.

फोटो नको ना बे

फोटोतून कोड चालवून पाहता येत नाही, शोधता येत नाही, आणि फोटोतला मजकूर वाचणारी ॲप शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल यांत गोंधळतात, स्पेस तर मोजतच नाहीत. स्क्रीनवर बटण वाकडं दिसतंय, ग्राफ चुकीचा येतोय, तिथे फोटो हवाच, पण सोबत कोडही. माझ्या भाच्याच्या केसमध्ये फोटोनेच वाचवलं हे मान्य, ते अपवादातलं.

मोठा कोड मेसेजमध्ये कोंबू नका. डिस्कॉर्डवर साध्या खात्याला २००० अक्षरांची मर्यादा आहे, टेलिग्रामवर ४०९६. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून फाईल पाठवली की ती जशीच्या तशी जाते. नाहीतर गिटहबची गिस्ट, म्हणजे कोड तिथे ठेवून नुसती लिंक द्यायची. फक्त तिथे सीक्रेट म्हणजे प्रायव्हेट नाही, लिंक ज्याच्या हाती लागली तो पाहू शकतो.

आणि पाठवायच्या आधी पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली), डेटाबेसचा पत्ता काढा. चुकून गेलीच तर मेसेज डिलीट करून समाधान मानू नका, ती की रद्द करून नवीन घ्या.

तीनशे ओळींतल्या जेवढ्या ओळींनी चूक परत दिसते तेवढ्याच पाठवा. तोडता तोडता निम्म्या लोकांना स्वतःलाच चूक सापडते, मग मला "मिळालं मिळालं" असा मेसेज येतो, मला चालतं. एरर पूर्ण टेक्स्टमध्ये, पायथनमध्ये खालची ओळ सगळ्यात महत्त्वाची, सीमध्ये सहसा सगळ्यात वरची एरर. टर्मिनलवरून कॉपी करताना ओळीच्या सुरुवातीचे $ किंवा >>> तसेच गेले तर समोरच्याला एकेक खोडावे लागतात.

प्रॅक्टिकलच्या फाईलसाठी कोड वर्डमध्ये चिटकवणं तर भागच आहे, कॉलेज मागतं. तिथे पेस्ट करताना "कीप टेक्स्ट ओन्ली", फॉन्ट कन्सोलास किंवा कुरिअर न्यू, आणि ओळींचे नंबर हाताने टाईप करू नका. आणि त्या वर्डमधून कोड परत कॉपी करून चालवायला जाऊ नका, चालवायची फाईल वेगळीच ठेवा.

शेवटी एक तपासणी, तीस सेकंदांची. कोड आधी स्वतःलाच पाठवा, व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नंबरला मेसेज करता येतो. मग तिथून कॉपी करा, नवीन रिकाम्या फाईलमध्ये टाका, चालवा. तुमच्याकडे येणारी एररच आली तर पुढे पाठवा. वेगळी एरर आली तर रस्त्यात काहीतरी सांडलं आहे.

भाच्याने त्या रात्री हेच केलं, बॅकटिक लावून, आणि दुसऱ्या खेपेला ओळी नीट दिसल्या:

    दर = इनपुट()
    नग = इंट(इनपुट())
    दिवस = इंट(इनपुट())
    एकूण = दर*नग*दिवस

नग आणि दिवसाला इंट आहे, दराला नाही. इनपुट नेहमी स्ट्रिंग देतो, आणि पायथनमध्ये स्ट्रिंगला सहाने गुणलं की ती सहा वेळा लिहिली जाते. १५० रुपये रोजाचे दोन कूलर तीन दिवसांसाठी, आणि बिल आलं १५०१५०१५०१५०१५०१५०. दहा सेकंदांत सापडलं. भाचा म्हणे, "मामा, हे तर मले आधीच सांगता आलं असतं ना तुमाले."